फाटकापाशी पुरलेला वॉल्व्ह

काकूंचा फोन आला तेव्हा इंदूरच्या लोकमान्य नगरात नुकतेच नळ आले होते, म्हणजे नळांना पाणी सुटलं होतं. “अरे, न्हाणीघराची भिंत फुटलीय. पाणी थेट ह्यांच्या पलंगाखाली चाललंय. असशील तसा ये बाबा!”

काका लकव्यामुळे अंथरुणावरच असतात. मी पोहोचलो तेव्हा खोलीत घोटाभर पाणी होतं आणि पलंगाशेजारी जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड पडलेला. आधी मेन स्विच पाडला, मग पाण्याकडे वळलो. घाईत लोक नेमकं उलटं करतात, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

टाइल्समागच्या जीआय पाइपाचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा, एल्बो (वळणावरचा जोड) फुटला होता. नर्मदेचं पाणी इंदूरला 1978 साली आलं, त्यानंतर लवकरच ह्या घराची लाइन पडली. एवढ्या वर्षांत आटे गंजून संपले होते. माझ्या हाताखालच्या पोऱ्याने त्या भोकावर फडकं दाबून धरलं आणि पाण्याचा लोट मोरीकडे वळवला. आता फाटकाजवळचा वॉल्व्ह बंद केला की झालं.

पण वॉल्व्ह होता कुठे? काकूंनी तुळशीच्या बाजूला बोट दाखवलं. “इथेच होतं रे झाकण. मागे अंगणात पेव्हर बसवले, तेव्हापासून दिसलं नाही.” पहारीने दोन पेव्हर उचकटले. खाली लोखंडी झाकण सापडलं, कडेने गंजून चिकटलेलं. कडेला हलके ठोके देत सोडवलं, तर आतलं चेंबर काठोकाठ भरलेलं. माती, कडुनिंबाचा पाला, पाऊचची पाकिटं, विटांचे तुकडे आणि मधोमध सिमेंटचा घट्ट थर. गवंड्याने काम झाल्यावर घमेली तिथेच धुतली असणार. अख्ख्या घराचं पाणी ज्या एका जागी थांबवता येतं, ती जागा अशी बुजवलेली पाहिली की मला खरंच राग येतो.

शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “थांबा की, तासाभरात नळ जातीलच.” मला ते पटलं नाही. पलंगावरच्या माणसाला तासभर पाण्यात ठेवायचं? शिवाय हे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या, नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी विंध्य पर्वत चढवून आणलेलं, एक दिवसाआड मिळणारं. मी गुडघे टेकून बसलो.

अशा खड्ड्यात एकदम हात घालायचा नाही. विटांच्या फटींत विंचू असू शकतो. टॉर्च मारला, काडीने चाळवलं, मग हातमोजे घालून वरचा कचरा काढला. सिमेंटचा थर पहारीने फोडायचा मोह होतो, पण खाली पाइप कुठे आहे ते दिसत नसतं. एक घाव आट्यांवर बसला की रस्त्याच्या बाजूची लाइन फुटते, आणि तिला आवरायला आपल्या हातात काहीच नसतं. म्हणून छिन्नी तिरपी धरून, पाइपाच्या अंदाजापासून दूर, चेंबरच्या भिंतीकडे टवके उडवत गेलो. खालची माती दगडासारखी बसलेली होती. तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, काडीने ढवळलं आणि काकूंनी दिलेल्या जुन्या पळीने गाळ उपसायला लागलो. ओतायचं, ढवळायचं, उपसायचं. कोरड्या मातीशी झटण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

दीड फुटावर स्पिंडल, म्हणजे वॉल्व्ह फिरवायचा दांडा, दिसलं. वरचं चाक गंजून गळून गेलं होतं. उरला होता फक्त पितळी चौकोनी दांडा. पाइप रेंच लावला असता तर कोपरे झिजून तो गोल झाला असता. म्हणून मापाचा पाना बसवला आणि ग्लँडपाशी, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या जोडापाशी, थोडं रॉकेल सोडलं. पाव फेरा बंदच्या बाजूला, जरा मागे, पुन्हा पाव फेरा. आतली कचकच मनगटाला कळत होती. अडलं की जोर नाही करायचा, मागे घ्यायचं.

शेवटी वॉल्व्ह बसला, तरी बारीक धार चालूच राहिली. वॉल्व्हच्या आतल्या, पाणी अडवणाऱ्या पडद्याखाली रेती अडकली होती. किंचित उघडून पुन्हा बंद केला. त्या चिंचोळ्या फटीतून पाणी जोरात जातं आणि पडदा टेकतो ती बैठक धुऊन काढतं. दोन-तीनदा केलं आणि आतून पोऱ्या ओरडला, “बंद झालं!”

काकांचा पलंग कोरड्या जागी सरकवला. नळ गेल्यावर एल्बो बदलत होतो तेव्हा काकू सहज बोलून गेल्या, “नळ आले की पहिली बादली नेहमी मातकट येते. वासही येतो कधीकधी. नर्मदेचंच तसं असेल.” मी उठून पुन्हा चेंबरपाशी गेलो. तळाशी काळपट पाणी साचलेलं होतं, आणि नाली हातभरच लांब. वॉल्व्ह काढून ग्लँड उघडली तर पाणी झिरपू नये म्हणून आत भरलेल्या दोरीचा नुसता भुगा हाताला लागला. नळ असताना अशा जागेतून पाणी बाहेर झिरपतं. नळ गेले की लाइन रिकामी होते, आत ओढ बसते आणि चेंबरमधलं घाण पाणी त्याच वाटेने पाइपात शिरतं. काकूंची पहिली बादली नर्मदेतून येतच नव्हती, ती त्यांच्याच फाटकातून येत होती. काका तेच पाणी पीत होते हे मनात आलं आणि मला वॉल्व्ह दुसऱ्या दिवसावर टाकवेना.

लाइन कोरडी होती, त्यामुळे दुपारीच गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बॉल वॉल्व्ह बसवला, लीव्हरने उघडबंद होणारा. चेंबरच्या भिंती विटांनी जमिनीच्या दोन इंच वर घेतल्या, म्हणजे अंगण धुतल्याचं पाणी आत जाणार नाही. तळाला गिट्टी टाकली. झाकणाला कडी लावली आणि काकूंकडून ते स्वतः उघडवून घेतलं, लीव्हरही फिरवायला लावला. पुढच्या वेळी नळ आले की सुरुवातीचं पाणी सोडून द्या आणि हौद धुऊन घ्या, असंही सांगितलं.

हे चाललं असताना ते शेजारचे गृहस्थ बराच वेळ बघत उभे होते. त्यांच्या घरचं झाकण पोर्चच्या फरशीखाली गेलंय. ती फरशी रविवारी काढायची ठरली आहे.