‘सर, कॉलेज का सोडलंत?’

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो. खताच्या दुकानात काउंटरवर उभं राहून, युरियाला रांग लागलेली असताना हे सांगता येत नाही, आणि लग्नाच्या मांडवात हातात अक्षता घेऊन तर नाहीच. त्यामुळं दोन वर्षं मी ‘हां, सोडलं’ एवढंच म्हणत आलो. ते खोटं आहे. मी कॉलेज सोडलेलं नाही. मला कुणी काढलंही नाही. यादीत नाव आलं नाही, एवढंच झालं.

तुम्ही म्हणाल, एकच की ते. एकच नाही. ज्याला काढतात त्याच्या हातात कागद पडतो. तो घेऊन माणूस कुणाकडं तरी जाऊ शकतो, भांडू शकतो. तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे मिळणाऱ्या माणसाची नेमणूक दर वर्षी आपोआप संपते. शेवटचा तास होतो, परीक्षेची सुपरव्हिजन होते आणि जूनमध्ये पेपरात जाहिरात येते. ज्या वर्गात आपण शिकवत होतो त्याच वर्गासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा त्याच मार्कशीटच्या झेरॉक्स, पुन्हा मुलाखत. २०१५ पासून अशा नऊ मुलाखतींत माझी निवड झाली. २०२४च्या जुलैत दहावी दिली. भूगोलाला दरवर्षी आम्ही दोघं असायचो. त्या वर्षी यादीत एकच नाव होतं आणि ते माझं नव्हतं.

कारण सांगितलं गेलं ते वर्कलोड, म्हणजे विषयाला मिळणारे तास. नवीन शैक्षणिक धोरण त्या वर्षी आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत आलं, पहिल्या वर्षाची विषयरचना बदलली, भूगोलाचे तास घटले. आधी कायम शिक्षकाचे आठवड्याचे १६ तास भरायचे, उरतील ते आमच्यात वाटायचे, एकाला जास्तीत जास्त ९. उरलेच ९. हिशोब बरोबर आहे, आणि मी भूगोलवाला आहे, मला हिशोब कळतो. पण त्याच्या आधीच्या वर्षी मी धरणं धरायला पुण्याला गेलो होतो आणि पेपरातल्या फोटोत दिसलो होतो, हेही खरं आहे. दोन्हींचा संबंध आहे की नाही, मला सांगता येणार नाही. रात्री वाटतं, आहे; सकाळी वाटतं, नाही.

पैशाबद्दलही विचारता. शेवटची दोन वर्षं तासाला ९०० रुपये होते. त्याआधी बरेच कमी. प्रॅक्टिकलला याहून कमी. आठवड्याला ९ तास धरले तर महिन्याला ३२,४०० होतात, असं कागदावर दिसतं. दिवाळीची सुट्टी, गॅदरिंग, परीक्षा, यांतलं काहीही मोजलं जात नाही, आणि बिल निघतं ते चार-सहा महिन्यांनी, एकदम. किराणावाल्याला मात्र दर महिन्याला सांगावं लागतं. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१९मध्येच अतिथी प्राध्यापकाला तासाला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं ठरवून दिलेलं आहे. ते पत्रक मी जपून ठेवलं होतं. घरात एक-दोनदा वाचूनही दाखवलं.

‘मग एवढ्यावर नऊ वर्षं थांबलातच कशाला?’ हा प्रश्न मला सगळ्यात लागतो, कारण विचारणाऱ्याला वाटतं मला दुसरं काही जमत नव्हतं.

पहिल्या प्रॅक्टिकलला मी आमच्याच भागाचं टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचा तपशीलवार नकाशा, टेबलावर पसरायचो, ४७ के या क्रमांकातलं, प्रमाण एकास पन्नास हजार. पोरं शेतकऱ्यांची. नकाशा म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा भारत, एवढीच ओळख. सारखी उंची दाखवणाऱ्या तपकिरी समोच्च रेषांवरून बोट फिरवता फिरवता एखाद्याला आपलं गाव सापडायचं, गावामागचा डोंगर सापडायचा. दोन रेषांत २० मीटरचा चढ, दर पाचवी रेष जाड. मग कुणी विचारायचं, ‘सर, आमचा ओढा काळा का दाखवलाय?’ निळा म्हणजे बारमाही पाणी, काळा म्हणजे पावसाळ्यापुरतं. एका मुलीनं यावर वाद घातला. तिची आजी सांगायची, उन्हाळ्यातसुद्धा त्या ओढ्यावर धुणं धुवायला जायचो. मी तिला शीटच्या खालचं सर्वेक्षणाचं वर्ष वाचायला लावलं. पुढच्या तासाला ती आजीचं लग्न कुठल्या साली झालं ते विचारून आली, आणि ते सर्वेक्षणाच्या बरंच आधीचं निघालं. सोबत ओढ्याकाठच्या आठ विहिरींची यादी, कुठली कधी आटली त्याच्यासकट. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची पोर. असे तास वर्षात दोन-तीनच होतात, पण त्यांच्यासाठी मी थांबलो. हे तुम्हाला पटेल न पटेल.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगतो.

यादीत नाव आलं नाही त्याच वर्षी दिवाळीनंतर विभागप्रमुखांचा फोन आला. कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची कमिटी येणार होती, फायली अपुऱ्या होत्या, आणि भूगोल विभागात काय कुठं आहे हे मला जेवढं माहीत होतं तेवढं कुणालाच नव्हतं. ‘सर, दोन दिवस याल का?’ मी गेलो. दोनाचे तीन दिवस झाले. चुलतभावाच्या या कृषी सेवा केंद्रात मी तेव्हा नुकताच बसायला लागलो होतो. त्याला सांगितलं, दवाखान्याचं काम आहे.

पहिल्या दिवशी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागातल्या वस्तूंची नोंदवही. दोन प्रिझमॅटिक कंपास सापडत नव्हते, ते मी कपाटामागच्या खोक्यातून काढून दिले. लॅब असिस्टंटनं नेहमीसारखा चहा आणला, नेहमीच्याच कपात. मला बरं वाटलं. खरं सांगतो, घरी आलो त्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नॅकच्या दुसऱ्या क्रायटेरियनची, म्हणजे निकषाची फाईल. त्यात पूर्णवेळ शिक्षकांचा तक्ता असतो: नाव, पद, पात्रता, रुजू झाल्याचं वर्ष. मीच टाइप करत होतो. भूगोलापुढं एक नाव टाकलं आणि पुढच्या विषयावर गेलो. तिथं माझं नाव कधीच नव्हतं, मी शिकवत होतो तेव्हाही नव्हतं, कारण तो तक्ता पूर्णवेळांचा. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी त्या ओळीपाशी बोट थांबलं.

तिसऱ्या दिवशी फोटो. प्रत्येक उपक्रमाचा जिओटॅग फोटो लावावा लागतो. कास पठारावरच्या अभ्याससहलीचे सगळे फोटो माझ्याच मोबाईलमध्ये होते. एकात मी जांभ्याच्या खडकावर हात ठेवून काहीतरी सांगतोय, भोवती बावीस पोरं वह्या घेऊन उभी, आणि कोपऱ्यात अक्षांश-रेखांश स्पष्ट. त्याच्यापेक्षा चांगला फोटो नव्हता. पण कमिटीनं ‘हे कोण?’ म्हणून विचारलं तर? उत्तर द्यायला विभागात कोण होतं? मी तो बाजूला ठेवला. दुसरा घेतला, पाठमोऱ्या पोरांचा, थोडा हललेला. त्याची प्रिंट काढली, खाली ‘भूगोल विभाग, अभ्याससहल’ असं लिहिलं आणि फाईलला लावली.

मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. विभागप्रमुख खोलीतसुद्धा नव्हते. ते मी केलं.

संध्याकाळी प्राचार्यांनी हात हातात घेतला, ‘पुढच्या वर्षी बघू आपण’ म्हणाले. एस.टी.त बसल्यावर मला पहिल्यांदा रडू आलं. यादी लागली त्या दिवशी आलं नव्हतं.

बायकोनं विचारलं, गेलातच का? मी म्हटलं, विभाग माझा आहे. अजूनही मला ते उत्तर चुकीचं वाटत नाही. पण फोटो निवडणारा माणूस विभागाचा विचार करत नव्हता, पुढच्या जुलैचा करत होता.

सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, निघाली त्या वर्षीचा मी आज समोर आला तर माझ्याशी भांडेल. तो म्हणायचा, दोन वर्षांत कायम होतो बघा. त्याला अगदीच वेडा म्हणता येत नाही. २०१८च्या नोव्हेंबरात सहायक प्राध्यापकांच्या ३५८० जागा भरायला मान्यता मिळाली, तेव्हा मीही मुलाखतींना फिरलो. एका संस्थेत मुलाखत पाच मिनिटांची झाली आणि नंतर बाहेर एकानं नोकरीसाठी द्यायचा आकडा सांगितला. वडील रात्रभर जागे होते. सकाळी म्हणाले, ओढ्याकडची पट्टी काढू. मी नको म्हटलं, हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगतो. त्याआधी मी त्या पट्टीचा गुंठ्याचा भाव विचारून आलो होतो, हे सांगत नाही. पुढं ४ मे २०२०च्या शासन निर्णयानं नवीन भरतीच थांबली. ती पुन्हा सुरू झाली तोवर माझ्या मागं पीएच.डी. झालेली पोरं रांगेत उभी होती. तेव्हा पट्टी विकली असती तर बरं झालं असतं, असंही काही दिवस वाटतं. मग सोयाबीन बघतो आणि वाटत नाही.

दुकानात मला त्रास नाही. माती, पाऊस, उतार यांवरच बोलणं चालतं. शेतकरी ऐकतात. सगळे ‘सर’च म्हणतात, आणि ते ऐकलं की दर वेळी थोडं दुखतं. म्हणू नका असं सांगायचं धाडस होत नाही.

गेल्या आठवड्यात ती ओढ्यावरून वाद घालणारी मुलगी वडिलांबरोबर आली होती. खतविक्रीच्या पॉस मशीनवर वडिलांचा अंगठा उमटत नव्हता. तिनं ओढणीनं पुसून परत टेकवला. युरियाच्या चार गोण्यांचे १०६६ रुपये झाले. एम.ए. तिनं माझ्याच सांगण्यावरून केलं होतं. सेट गेल्या वर्षी निघाली. पैसे देता देता म्हणाली, ‘सर, आपल्या कॉलेजची जाहिरात आलीय. भूगोलाला एक जागा आहे, तासिकेवर. करू का अर्ज?’

मी म्हटलं, कर.

मी स्वतः करणार आहे का, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अर्जाला अजून सहा दिवस आहेत. झेरॉक्सचा संच गल्ल्याखालच्या खणात आहे, सही करायची बाकी आहे.