पटावरचं एक नाव

पंचायत समितीच्या सभागृहात पाच टेबलं मांडली होती. प्रत्येक टेबलावर एक लॅपटॉप, एक शिक्का आणि झेरॉक्सचे गठ्ठे. बाहेर पावसाची झड, व्हरांड्यात ओल्या छत्र्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या फायली घेऊन उभे असलेले पालक. जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यातला शुक्रवार. शिक्षण हक्क कायद्याखालच्या (आरटीई) २५ टक्के प्रवेशांची, म्हणजे खासगी शाळांतल्या वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांसाठीच्या, सरकारनं फी भरायच्या जागांची कागदपत्रं तपासण्याचं काम चालू होतं. माझ्याकडे विस्तार अधिकारी म्हणून तिसरं टेबल, आणि मदतीला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतले एक गुरुजी.

एरवी हे काम एप्रिल-मेमध्ये उरकतं. त्या वर्षी का लांबलं, ते थोडक्यात सांगायला हवं, कारण दिवसभरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथं होतं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारनं नियम बदलले: खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्के जागा द्यायचं बंधन नाही. कर्नाटकानं काही वर्षांपूर्वी हाच मार्ग धरला होता. सरकारचा हिशेब सरळ होता. आपलीच शाळा दारात असताना शेजारच्या खासगी शाळेची फी तिजोरीतून का भरायची? पण एप्रिलमध्ये पोर्टल उघडलं आणि पालकांना यादीत जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या, अनुदानित शाळाच दिसायला लागल्या, तेव्हा फॉर्म भरणाराच कोणी उरला नाही. 'त्या शाळेत तर फॉर्म न भरताही नाव घालता येतं,' असं एकानं आमच्या कार्यालयात येऊन सुनावलं, आणि त्याला उत्तर नव्हतं.

६ मे ला मुंबई उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. नव्यानं अर्ज घेतले गेले, ७ जूनला सोडत निघाली, पण न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत यादी बंदच. १९ जुलैला न्यायालयानं दुरुस्ती रद्द केली. कायद्याच्या कलम १२ मध्ये २५ टक्क्यांचं जे बंधन आहे ते नियमानं कमी करता येत नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. दुसऱ्या दिवशी यादी लागली. दरम्यान १५ जूनपासून शाळा भरल्या होत्या. म्हणजे यादीत नाव असलेलं प्रत्येक पोर पाचेक आठवडे कुठल्या ना कुठल्या वर्गात बसून आलेलं होतं. हा पाच आठवड्यांचा घोळ कुठल्याच परिपत्रकात नीट धरलेला नव्हता.

सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आली. घरकाम करते, नवरा टेम्पो चालवतो, मूळ गाव मराठवाड्यातलं. मुलगी सहा वर्षांची. फाइल व्यवस्थित होती: अलॉटमेंट लेटरची प्रिंट, हमीपत्र, जन्मदाखला, वडिलांचा जातीचा दाखला, भाडेकरार, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. जात इतर मागासवर्गात, म्हणजे वंचित गट, म्हणून उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जातीचा दाखला गावाकडच्या प्रांताधिकाऱ्यांचा, पण महाराष्ट्रातलाच असल्यानं चालतो. तिच्या आधीच्या पालकाला मी याच कारणानं परत पाठवलं होतं. त्याचा दाखला उत्तर प्रदेशातला होता. परराज्यातला जातीचा दाखला इथं धरत नाहीत. त्यानं अर्ज दुर्बल गटातून, तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर भरायला हवा होता. पण गट एकदा भरला की सोडतीनंतर बदलता येत नाही.

दुर्बल गटाच्या उत्पन्नाच्या मर्यादेबद्दलही एकदा बोलायला हवं. वर्षाला एक लाख. महिन्याला ८,३३३ रुपये. एवढ्यात शहराला लागून खोली करून राहणारं कुटुंब मला तरी सापडलेलं नाही. पगारपत्रक असलेला साधा रखवालदारही या रेषेच्या वर जातो आणि बाद होतो. रोख धंदा करणाऱ्याला मात्र दाखला मिळतो. आम्ही टेबलावर दाखल्याचा बारकोड तपासतो. खरं उत्पन्न तपासायला आमच्याकडे काहीच साधन नाही.

बाईचा भाडेकरार मी दोनदा वाचला, कारण सगळ्यात जास्त अर्ज तिथंच पडतात. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा. मुदत किमान अकरा महिन्यांची हवी. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार पालक मोठ्या विश्वासानं पुढे करतात, त्याचा उपयोग नाही. नोंदणीला खर्च फार नसतो. एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, पालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी, ग्रामीण भागात पाचशे, वर एजंटाचे असतील ते. अडचण पैशाची नसते, घरमालकाची असते. त्याला कागदावर भाडेकरू नको असतो. या बाईच्या मालकिणीनं अंगठा द्यायला तीन आठवडे लावले होते, पण करार एप्रिलचा होता आणि अर्ज मेमधला. तारीख बसत होती.

अंतर मात्र बसत नव्हतं. अर्ज भरताना नकाशावर घराच्या जागी लाल फुगा ठेवावा लागतो, आणि पोर्टल शाळेपासून त्या फुग्यापर्यंतचं हवाई अंतर काढतं. त्या वर्षी क्रम असा होता: एक किलोमीटरच्या आतले आधी, मग एक ते तीन, मग त्यापुढचे. जास्त मागणीच्या शाळेत दुसऱ्या पट्ट्यापर्यंत सोडत पोचतच नाही. त्यामुळे फॉर्म भरून देणारे नेट कॅफेवाले फुगा शाळेकडे सरकवतात. पालकाला पत्ताही नसतो. तोच कॅफेवाला स्वतःचा मोबाइल नंबरही टाकून ठेवतो, निवड झाल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि मुदत निघून जाते. मेसेजची वाट न बघता अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः बघा, हे आम्ही दरवर्षी ओरडून सांगतो.

या अर्जात फुगा शाळेपासून ४०० मीटरवर होता. करारातल्या पत्त्यावर मी नकाशा लावला, अंतर ९०० च्या आसपास निघालं. फुगा खोटा, पण पट्टा तोच. आमच्या समितीनं पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की पट्टा बदलत नसेल तर अर्ज बाद करायचा नाही, शेरा मारून पुढे पाठवायचा. मी शेरा लिहिला आणि कागद शिक्क्यासाठी गुरुजींकडे सरकवले.

गुरुजींनी शिक्का उचलला आणि मुलीचं नाव वाचून थांबले.

"ही माझ्याच वर्गात आहे," ते म्हणाले.

मग बाईनंही मान वर करून बघितलं. तिनं टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा तोवर पाहिलाच नव्हता. सगळं लक्ष फाइलीत.

१५ जूनला, सोडतीचं काय होईल सांगता येत नाही म्हणून, तिनं मुलीला याच गुरुजींच्या शाळेत घातलं होतं. प्रवेशोत्सवात गुलाबाचं फूल आणि पुस्तकांचा संच घेतलेला फोटोही निघाला होता. शाळेचा पट ६४. पहिली ते पाचवी. आता यातलं गणित असं: शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवताना, बघतात तो ३० सप्टेंबरचा पट, आणि तोही आधार जुळलेल्या मुलांचाच. गुरुजींच्या शाळेतली आणखी दोन मुलं त्याच यादीत होती, हे त्यांनी सकाळीच पाहून ठेवलं होतं. तिघं गेली की ६१. आणखी एक कुटुंब गावाकडे परतलं किंवा एका पोराचं आधार अडकलं, की तिसरा शिक्षक गेला. मग पाच वर्ग दोघांत.

हे सगळं गुरुजी बाईला बोलले नाहीत, मलाही नाही. मला पट माहीत होता म्हणून कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तिला काही त्रास झाला का आमच्याकडे?"

"नाही हो गुरुजी. रोज आनंदानं येती. पण इंग्लिश मीडियम हाय ना ते. आणि आठवीपर्यंत बघायला नको."

"नववीला पूर्ण फी भरावी लागेल. हे सांगितलंय ना कोणी?" मी मध्ये म्हटलं. कोणी सांगितलेलं नव्हतं. कधीच सांगितलेलं नसतं.

गुरुजींनी शिक्का मारला. दोन्ही प्रतींवर, सही करून, तारीख घालून. मी पोर्टलवर पडताळणी पूर्ण केली.

दुपारी दीडला बाईचा फोन. शाळा म्हणते, जागा नाही. मी मुख्याध्यापकांशी बोलले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिलीची प्रवेशक्षमता ४०, म्हणजे २५ टक्क्यांच्या जागा १०. फेब्रुवारीत दुरुस्ती आली, त्यांच्या शाळेपासून सातशे मीटरवर जिल्हा परिषदेची शाळा (गुरुजींचीच), म्हणून त्यांना सूट मिळाली असं धरून मार्चमध्ये चाळीसच्या चाळीस जागा फी घेऊन भरल्या. आता दहा मुलं दारात उभी.

निकालात याचं उत्तर होतं आणि मी त्यांना ते वाचून दाखवलं. दुरुस्तीच्या आणि स्थगितीच्या दरम्यान दिलेले प्रवेश तसेच राहतील, पण २५ टक्क्यांच्या जागा कमी होणार नाहीत. गरज पडली तर प्रवेशक्षमता वाढवून द्यायची. म्हणजे वर्गात पन्नास. "आणि बाकं कोण देणार?" त्यांनी विचारलं. मग फीवर आले. त्यांची फी वर्षाला ३४,०००. कायदा म्हणतो, सरकारचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम. राज्यानं ठरवलेली कमाल १७,६७०, मधल्या कोविडच्या वर्षी ८,०००. तीही वेळेत येत नाही. आधीच्या वर्षांचे हप्ते थकलेले. प्रतिपूर्तीसाठी, म्हणजे ही रक्कम सरकारकडून मिळायला, आधी शाळेची मान्यता चालू हवी, मुलांची आधार पडताळणी झालेली हवी, तपासणी झालेली हवी. यातलं एक अडकलं की बिल मागे. उरलेली निम्मी फी ते इतर पालकांच्या फीत मिसळतात, हेही त्यांनी फोनवर मोकळेपणानं सांगून टाकलं.

या वादात मला नेहमी हीच गोष्ट खटकते. पालकाला शाळा निवडू द्यायची, पैसे सरकारनं भरायचे, हे तत्त्व म्हणून मांडायला सोपं आहे. प्रत्यक्षात पालक दहा शाळांची नावं टाकतो, निवड सोडत करते, सोडतीचा क्रम फुगा ठरवतो, आणि पैसे अर्धे आणि उशिरा येतात. त्याचा राग शाळा काढते तो बूट, दप्तर, 'उपक्रम शुल्क' यांच्यातून. त्याच दिवशी या बाईला साडेसहा हजारांची चिठ्ठी मिळाली. मी मुख्याध्यापकांना लेखी कळवलं की प्रवेशाच्या आड कुठलीही रक्कम घ्यायची नाही, आणि बाईकडून चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन तक्रारीच्या फाइलला लावली. तक्रार लेखी आणि पावतीसह नसेल तर पुढे तिचं काही होत नाही. शाळेच्या पावतीवर 'उपक्रम' छापलेलं असेल तर उलट काम सोपं होतं, म्हणून पालकांना सांगते, द्यायचेच झाले तर पावतीशिवाय देऊ नका.

मुख्याध्यापकांनी साडेतीनला प्रवेश दिला. एका अटीवर: जुन्या शाळेचं नाव पोर्टलवर सुटलेलं हवं आणि शाळा सोडल्याचा दाखला हवा. अट रास्त होती. एकच आधार दोन शाळांत दिसलं तर प्रतिपूर्तीच्या वेळी ते मूल बिलातून उडतं.

म्हणून बाई चार वाजता पुन्हा आमच्या टेबलाशी. गुरुजींनी जनरल रजिस्टर शाळेतून मागवून घेतलं होतं. सकाळीच त्यांना अंदाज आला असावा. दाखल्याच्या पुस्तकात कार्बन घालून त्यांनी लिहायला घेतलं. नाव, आईचं नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. अभ्यासातील प्रगती: चांगली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचं कारण, या रकान्यात बहुतेक जण 'पालकांच्या अर्जावरून' लिहितात. गुरुजींनी 'आरटीई २५ टक्के प्रवेश' असं लिहिलं, आणि रजिस्टरमध्ये शेरा लाल शाईनं. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढून पोर्टलवर नाव मोकळं केलं. पट ६३.

"नव्या शाळेचा ड्रेस मिळायला आठवडा लागंल म्हणत्यात," बाई उठता उठता म्हणाली. "त्याशिवाय वर्गात घेणार नाहीत. तवर इथं बसली तर चालंल का, गुरुजी?"

नियमानं चालत नाही. पटावर नसलेल्या मुलाची हजेरी लागत नाही, पोषण आहारात मोजता येत नाही, वर्गात काही झालं तर जबाबदारी कोणाची हाही प्रश्न. आणि ड्रेस नाही म्हणून वर्गात न घेणं हेही नियमात बसत नाही. त्यासाठी मला सोमवारी त्या शाळेला आणखी एक पत्र लिहावं लागणार होतं.

गुरुजींनी दाखला फाडून तिच्या हातात दिला.

"आणा," ते म्हणाले. "शंभर ग्रॅम तांदूळ लागतो तिला."