सावलीवरचा सारा

गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरातील एका महाविद्यालयाच्या सभागृहात काही तरुण कलावंतांनी बसवलेले समकालीन नृत्य पाहिले आणि त्यातील कारकून अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. गोष्ट पूर्णपणे रचलेली आहे. देवगिरीच्या परिसरातला, कोणत्याही दप्तरात नोंद नसलेला एक राजा दुष्काळात खजिना रिता झाल्यावर रयतेच्या सावलीवर सारा बसवतो आणि सावली तेव्हाच लांबते म्हणून मोजणी दिवस मावळताना करावी असे फर्मान काढतो.

रंगमंचाच्या कडेला जमिनीलगत ठेवलेल्या दिव्यामुळे नर्तकांच्या सावल्या मागच्या पडद्यावर ताडमाड वाढत होत्या आणि सारा वाचवण्यासाठी माणसे आधी गुडघ्यांत, मग कमरेत, शेवटी मानेत दुमडत चालली होती. एका बाईने कडेवरचे लेकरू पदराआड छातीशी आवळून घेतले आणि पडद्यावर दोन सावल्यांची एक झाली. कारकून दोरी हातात धरून क्षणभर थांबला, तिच्याकडे पाहिले आणि बोटांवर दोन मोजल्या. तोवर सभागृहात चाललेला हशा तिथे एकदम थांबला.

हा कारकून कथकच्या तत्कारावर, म्हणजे तालात आपटलेल्या पावलांवर, चालतो आणि प्रत्येक हिशेब तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून मिटवतो. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी राज्याच्या हिशेबाचे काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने याच देवगिरीत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्याच्या सात अध्यायांपैकी शेवटचा नर्तनाला दिला, हे ठाऊक असलेल्याला त्या तिहाईची गंमत अधिक कळते. नृत्यात तर त्या ग्रंथाचा एक हरवलेला आठवा अध्यायच ‘सापडतो’ आणि त्यात सावली लपवण्याच्या हस्तमुद्रा दिलेल्या असतात. खऱ्या पायावर खोटी भिंत इतकी सफाईने उभी केली होती की माझ्या शेजारच्या गृहस्थांनी ‘तो अध्याय कुठे मिळेल?’ असे मला गंभीरपणे विचारले.

मध्यंतरानंतर दोन तालुके या राजाच्या जन्मस्थानावरून भांडतात. हा प्रवेश मला सर्वांत धाडसी वाटला. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी याच देवगिरीत, म्हणजे दौलताबादेत, आणली, त्याच्यावर उपहास रचणे सोपे होते; पण त्याच्याविषयी प्रत्येकाचे मत आधीच पक्के झालेले असते. जो राजा कधी झालाच नाही, त्याच्यासाठी लोक बाह्या सरसावतात, तेव्हा बाह्या कोणाच्या आहेत हेच दिसते. पैठणच्या एकनाथांच्या भारुडापासून आपल्याकडे ही रीत आहे: सोंग पुरते वठले पाहिजे, सोंगाआडून डोळा मिचकावायचा नाही. येथेही एकाही नर्तकाने तो मिचकावला नाही.

खटकले ते एवढेच, की अखेरीस ध्वनिमुद्रित निवेदनातून साऱ्या प्रकाराचा अर्थ उलगडून सांगितला गेला आणि नर्तकांच्या दुमडलेल्या पाठींनी जे आधीच सांगितले होते, ते पातळ झाले. पुढच्या प्रयोगात ते निवेदन काढावे आणि त्या जागी मोजणीच्या वेळी वाजणारी एकटी हलगी वाजू द्यावी, असे मी त्या मुलांना भेटून सांगितले.