काटा ठीकच दाखवत होता

गेल्या गुरुवारचं डोक्यातून जात नाहीये. मी मुंबईतल्या एका लॅबमध्ये काम करते. ओठाच्या कडेला फोड आणणारा हर्पीसचा व्हायरस न्यूरॉनमध्ये, म्हणजे चेतापेशीत, शिरला की तिथल्या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणारे बारके भाग) कॅल्शियमचं काय होतं, ते बघायचं.

बुधवारी रात्री 10 ला डिशमध्ये व्हायरस घातला, दादरहून शेवटची ठाणा लोकल पकडली आणि सकाळी 7 ला परत मायक्रोस्कोपवर. ऱ्होड-2 नावाचा डाय, म्हणजे रंग, मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतो, कॅल्शियम वाढलं की लाल उजळतो. चांगल्या ॲक्सॉनमध्ये, म्हणजे न्यूरॉनच्या लांब धाग्यात, मायटोकॉन्ड्रियाचे हे ठिपके सारखे ये-जा करत असतात. पण व्हायरस लागलेल्या पेशीत एकेक ठिपका आधी उजळायचा आणि मग जागच्या जागी थांबायचा, मी श्वास धरून बघत होते. मायटोकॉन्ड्रियाला ओढून नेणाऱ्या मोटर प्रोटीनशी जोडणारं मायरो नावाचं प्रोटीन कॅल्शियम चिकटलं की पकड सोडतं, आणि 2012 साली प्रिन्स्टनच्या लोकांनी हर्पीसच्या घराण्यातल्या व्हायरसमुळे ही ये-जा बंद पडते हे दाखवलंय. तेच माझ्या डोळ्यासमोर चाललेलं!

मग कंट्रोल डिश लावली, म्हणजे व्हायरस नसलेली. तिथेही सगळं थांबलेलं.

माझ्या मागून लॅबमधले मामा म्हणाले, "ताई, मीडियम एवढं गुलाबी का झालंय?" मीडियम म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते द्रावण, ते नारिंगी-लाल असायला हवं; कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही की गुलाबी होतं. रात्रीत सिलिंडरमधला तो गॅस संपला होता. सिलिंडरचा काटा शेवटपर्यंत ठीकच दाखवतो, कारण आत द्रव शिल्लक असेपर्यंत दाब उतरतच नाही, खरं काय ते फक्त वजन करून कळतं. आणि आमच्या रजिस्टरमध्ये रोज "काटा ठीक" लिहून सही होते! दुसरा सिलिंडर सहा महिने मागतोय आम्ही, फाइल फिरतेय. मामांइतकी नजर आमच्या एकाही पीएचडीवाल्याला नाही, मलाही नाही.

सर म्हणाले हा डेटा वापरायचा नाही, आणि ते बरोबरच आहे. पण कंट्रोलमधले ठिपके उजळलेले नव्हते, नुसते थांबलेले होते. व्हायरसवाल्या डिशमधले आधी उजळले, मग थांबले. व्हिडिओ चार वेळा बघितला, चारही वेळा तसंच दिसलं. हा फरक व्हायरसचाच का, की गॅस गेल्यावर आधीच आजारी पेशी आणखी बिघडल्या? झोपतानाही हेच.

नवीन सिलिंडर काल आला. मामा आणि मी तो वजनकाट्यावर चढवला, आकडा दारावर खडूने लिहिलाय. न्यूरॉन रॅटच्या गर्भातून काढतो; पुढच्या रॅटला गाभण राहून सोमवारी 18 दिवस होताहेत, मग न्यूरॉन तयार व्हायला अजून 10 दिवस.