टुकला किती दिवसांत? तुम्ही विचारलंत म्हणून

"कॅलगरी ते टुक, बाईकवर, किती दिवस लागतात?" हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा आलाय की आता एकदा नीट बसून उत्तर लिहितोय. टुक म्हणजे टुक्टोयाक्टुक, कॅनडाच्या वायव्य टोकाला आर्क्टिक समुद्राच्या काठावरचं इनुव्हियालुइत लोकांचं गाव. कॅलगरीतली मराठी मंडळी विचारतात, साताऱ्याहून जुने मित्र विचारतात, आणि पुण्याचा माझा मावसभाऊ, ज्याने लडाख दोनदा केलंय, तो विचारतो आणि वर म्हणतो की उंची नाही, ऑक्सिजनचा त्रास नाही, मग अवघड काय आहे तिथे.

आधी साधा हिशोब देतो. कॅलगरी ते एडमंटन तीनशे किलोमीटर, तिथून डॉसन क्रीक सहाशेच्या आसपास, मग अलास्का हायवेने व्हाइटहॉर्सपर्यंत चौदाशेच्या वर, आणि पुढे डॉसन सिटी अजून पाचशे-सव्वापाचशे. हा सगळा चांगला रस्ता, पाच दिवसांत आरामात होतो. डॉसनपासून ४० किलोमीटर अलीकडे डेम्पस्टर हायवे फुटतो, तिथून इनुविक साधारण ७४० किलोमीटर, सगळी खडी आणि माती, शेवटी इनुविकपाशी थोडं डांबर. इनुविकहून टुक अजून १४०. म्हणजे डेम्पस्टर चढायला तीन दिवस, उतरायला तीन, येताना परत पाच. सोळा दिवस. दोन आठवड्यांची रजा आणि पुढचेमागचे शनिवार-रविवार धरले की बरोबर सोळा होतात, आणि पहिल्या वर्षी मी आणि माझा मित्र (मूळचा कोल्हापूरचा, आता एडमंटनला असतो) अगदी हाच हिशोब करून निघालो होतो आणि टुकला पोचलो नाही.

तयारीत कसूर नव्हती हो. माझी व्ही-स्ट्रॉम ६५०, टाकी वीस लिटरची, आणि डॉसनला टाकी फुल्ल केली की पुढचं पेट्रोल ईगल प्लेन्सला, म्हणजे ४०९ किलोमीटरवर. खडीवर लोड घेऊन टाकी जेमतेम तेवढीच पुरते, म्हणून साडेसात लिटरचा एक कॅन बांधला होता. टायर निम्मे खडीचे निम्मे डांबराचे असतात तसले नवे टाकले, कारण त्या रस्त्याची खडी धारदार पाटीच्या दगडाची आहे आणि ती टायर अक्षरशः कापते. पंक्चर किट, छोटा कॉम्प्रेसर, चेनचं तेल, जास्तीचा क्लच लिव्हर, नटबोल्टला लावायचं लॉकटाइट (रस्त्यावर नालीदार पत्र्यासारख्या लाटा पडतात, त्या थरथरीने रोज संध्याकाळी कुठला ना कुठला बोल्ट सैल झालेला सापडतो), अस्वलासाठी स्प्रे, डासांसाठी डोक्यावरची जाळी. मोबाइलला डॉसन सोडल्यावर लगेच राम म्हणायचा, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर. ही यादी सगळ्यांना हवी असते आणि मी आनंदाने देतो, पण ही यादी पूर्ण असूनही आमचं काम झालं नाही हे सांगायचंय मला.

ते समजायला तो रस्ता समजून घ्यावा लागतो. तिथे जमीन खाली बारमाही गोठलेली आहे. तिच्यापर्यंत ऊब पोचली तर ती वितळते, दलदल होते आणि रस्ता बसतो. म्हणून तिथे जमीन खणून रस्ता केलेलाच नाही, उलट वर खडीचा जाड भराव घातलाय, कुठे चार फूट तर कुठे आठ फूट, गोठलेल्या जमिनीवर गोधडी टाकावी तसा. काम सुरू झालं १९५९ ला आणि रस्ता पुरा उघडला १९७९ मध्ये, म्हणजे वीस वर्षं. रस्ता असा उंचावर असल्यामुळे कडेला सरळ उतार आहे आणि कडा भुसभुशीत आहेत, समोरून ट्रक आला म्हणून घाबरून कडेला गेलात तर खालीच. धूळ बसावी आणि पृष्ठभाग कडक राहावा म्हणून वर कॅल्शियम क्लोराइड मारतात, ते हवेतली ओल धरून ठेवतं. कोरड्या दिवशी ७०-८० च्या स्पीडने मस्त जाता येतं, काही पट्टे तर डांबरासारखे लागतात. आणि पाऊस पडला की तोच रस्ता साबण लावल्यासारखा होतो. मी कोकणातल्या लाल चिखलात गाडी शिकलोय, कासच्या पठारावर पावसाळ्यात फिरलोय, तरी सांगतो, हा चिखल वेगळा आहे, हा चिकटतो आणि घसरतो, दोन्ही एकाच वेळी. पुढच्या मडगार्डखाली भरत जातो आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. रेडिएटरवर बसला तर भाजून विटेसारखा होतो.

तर पहिल्या वर्षी सहाव्या दिवशी संध्याकाळी ईगल प्लेन्सला पोचलो. डेम्पस्टरच्या सुरुवातीपासून ३६९ व्या किलोमीटरला एक हॉटेल, एक पेट्रोलपंप, एक वर्कशॉप, बस्स, आजूबाजूला शेकडो किलोमीटर कुणी राहत नाही. रात्रभर पाऊस पडला. सकाळी रिमझिम चालूच. तिथे थांबलेले दोन अमेरिकन रायडर म्हणाले आम्ही आज हलत नाही. आम्ही दोघांनी मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडलं, आज नाही गेलो तर सोमवारी ऑफिस चुकतंय, आणि निघालो. आर्क्टिक सर्कलचा बोर्ड ४०५ ला आहे, तिथे भिजत फोटो काढला. त्याच्या पुढे पंधराएक किलोमीटरवर माझं पुढचं चाक गेलं. स्पीड तीसच्या खाली होता म्हणून वाचलो, पण ब्रेक लिव्हर तुटला आणि उजवं मनगट टम्म सुजलं.

अर्ध्या तासाने एक पिकअप आली. त्या रस्त्यावर थांबलेल्या माणसापाशी न थांबता कुणी पुढे जात नाही, ही तिथली रीत आहे आणि ती मनापासून पाळली जाते. साठीचे एक ग्विचिन (तिथल्या मूळनिवासी जमातीचे) गृहस्थ, पुढच्या फोर्ट मॅकफर्सन गावचे. त्यांनी माझं मनगट पाहिलं, गाडी पाहिली, आणि शांतपणे विचारलं, "तिकडे कुणी वाट बघतंय का तुमची?"

मी म्हटलं नाही, कुणी नाही.

"मग रस्ता वाळेपर्यंत का नाही थांबलात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी त्यांच्या पिकअपमध्ये चढवली आणि ते आम्हाला ईगल प्लेन्सला परत सोडून आले, त्यांची वाट उलटी असताना. पैसे घेतले नाहीत.

मनगटाची सूज उतरेपर्यंत दोन रात्री तिथे काढल्या. हॉटेलच्या भिंतींवर जुने फोटो आहेत. त्यात पोलिसांच्या हरवलेल्या गस्तीपथकाची गोष्ट आहे, ती मी तिथे पहिल्यांदा नीट वाचली. २१ डिसेंबर १९१० ला इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड तीन माणसं आणि पंधरा कुत्रे घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला टपाल घेऊन निघाला. त्याला वेगाने जायचं होतं, म्हणून शिधा नेहमीपेक्षा कमी घेतला, ओझं हलकं. वाटेत इसाव जॉर्ज नावाचा ग्विचिन वाटाड्या काही दिवस सोबत होता, त्याला नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पैसे देऊन परत पाठवलं. त्याच्या पुढे त्यांना डोंगर ओलांडायचा ओढाच सापडेना. कितीतरी दिवस शोधत राहिले, जानेवारी अर्धा उलटून गेल्यावर मागे फिरले, तोवर शिधा संपलेला, एकेक कुत्रा मारून खात परत निघाले आणि चौघेही गेले. फिट्झजेराल्ड तर फोर्ट मॅकफर्सनपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरवर. शोधायला डॉसनहून जो कॉर्पोरल निघाला, तो डेम्पस्टर. त्याने चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या शेवटपर्यंत सोबत ठेवला आणि मार्च १९११ मध्ये ते चौघे सापडले. आज हायवेला नाव आहे ते त्याचं.

ते वाचताना मला आमचं कॅलेंडर आठवत होतं. त्यांनी शिध्यातून जे काढून टाकलं तेच आम्ही रजेतून काढलं होतं. पेट्रोल जास्तीचं घेतलं, लिव्हर जास्तीचा घेतला (क्लचचा, आणि तुटला ब्रेकचा), पण दिवस एकही जास्तीचा घेतला नव्हता.

आणि लडाख नि हे यात फरक इथेच आहे, मावसभावाला मी हेच सांगतो. लडाखला उंची आहे, पण माणूस आहे, ढाबा आहे, लष्कराचा ट्रक आहे. डेम्पस्टरला माणसं चांगली आहेत पण फार थोडी आहेत, त्यामुळे तिथे अडलेला माणूस वाट बघतो, रस्ता वाळायची, पिकअप यायची, फेरी सुरू व्हायची. हो, फेरीचं राहिलं. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर पूल नाहीत, उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात बर्फावरून रस्ता. जूनच्या सुरुवातीला नदी मोकळी झाली की फेरी लागते, आणि तीही पाणी चढलं, वरून लाकडाचे ओंडके वाहत आले की थांबते. पैसे लागत नाहीत, पण बोट चालू नसेल तर दुसरा कुठलाच मार्ग नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी, तीन वर्षांनी, एकवीस दिवसांची रजा घेतली. सोळा दिवस तेच, पाच राखीव. हे पाच दिवस कुठल्याच तारखेला लावले नाहीत, हॉटेलं बुक केली नाहीत, तंबू होता. ऑफिसात मॅनेजरला स्पष्ट सांगितलं की अजून दोन दिवस इकडेतिकडे होऊ शकतात. घरी बायकोला सांगून ठेवलं की नकाशावरचा ठिपका दोन दिवस जागचा हलला नाही तरी घाबरायचं नाही, मेसेज येतोय ना एवढंच बघायचं. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं, पावसात अडकलो की तिथेच मुक्काम करणार. ती म्हणाली, वारीत नाही का थांबत लोक, तसंच थांबायचं. मला हे आधी का सुचलं नाही कोण जाणे.

बाकीची तयारीही थोडी सुधारली, पुढचं मडगार्ड उंच बसवून घेतलं, दोन्ही लिव्हर घेतले. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. पण एक महत्त्वाचं सांगतो, लसणाची चटणी तंबूत ठेवायची नाही, अगदी टूथपेस्टसुद्धा नाही. टूमस्टोन पार्कच्या कॅम्पग्राउंडला खाणं ठेवायला अस्वलाला उघडता येत नाहीत अशा पेट्या असतात, सगळं त्यात टाकायचं. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडला सरपण फुकट मिळतं, तेव्हा चहाची सोय होते. तिथे एक रात्र मुद्दाम काढा. काळे सुळक्यांसारखे डोंगर आणि खाली टुंड्रा, एकही झाड नसलेला हिरवा उतार, मला त्या संध्याकाळी बोलावंसंच वाटलं नाही.

ईगल प्लेन्सला पुन्हा पाऊस लागला. या वेळी थांबलो. एक दिवस, मग दुसरा. चेन साफ केली, बोल्ट आवळले, झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला आणि दुपारपर्यंत रस्ता राखाडी होत गेला, ओला काळपट दिसतो आणि वाळला की राखाडी, हे मला खिडकीतून बघून बघून कळायला लागलं होतं. मी पडलो होतो ती जागा ओळखू आली नाही. राइट पासला युकॉनची हद्द संपते, घड्याळ एक तास पुढे. पीलची फेरी चालू होती. फोर्ट मॅकफर्सनला चर्चच्या आवारात त्या चौघांच्या कबरी आहेत, तिथे थोडा वेळ बसलो. त्या पिकअपवाल्या काकांची चौकशी केली, ते मासेमारीच्या कॅम्पवर गेले होते. त्यांच्यासाठी आणलेला लाडवांचा डबा पुतणीकडे देऊन आलो.

इनुविकला एक मशीद आहे, २०१० साली विनिपेगला बांधून ट्रक आणि बार्जवरून हजारो किलोमीटर आणलेली. वाटेत तिचाही वेळ अडून अडूनच गेला असणार असं मला तिच्यासमोर उभं राहून वाटत होतं. तिथून टुकचा रस्ता २०१७ च्या नोव्हेंबरात उघडला, त्याआधी टुकला फक्त हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून आणि समुद्रावरून गाडी जायची. शेवटच्या टप्प्यात सपाट टुंड्रात मधेच टेकड्या दिसायला लागतात, त्या पिंगो, आत बर्फाचा गाभा असलेल्या. इब्युक नावाचा सगळ्यात मोठा ४९ मीटर उंच आहे.

पाच राखीव दिवसांतले तीन गेले होते, दोन ईगल प्लेन्सला आणि एक मॅकेन्झीच्या फेरीपाशी. दोन उरले, ते आम्ही टुकलाच काढले. जुलैचा दुसरा आठवडा, सूर्य मावळत नव्हता, रात्री तीनच्या सुमारास सगळ्यात खाली यायचा आणि पाण्याला टेकायच्या आत परत वर. समुद्रात पाय घालून बसलो होतो, बधिर होईपर्यंत. शेजारच्या घरातल्या आजी वाळवलेला मासा घेऊन आल्या, आमच्या चिखलाने माखलेल्या गाड्यांकडे पाहिलं, आणि विचारलं, "परत कधी जाणार?"

मित्र माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "परवा. नाहीतर तेरवा."