झोपेचं इंजेक्शन

ऑगस्ट-सप्टेंबरात सिंधुदुर्गातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तापाशिवाय दुसरं काही सुचत नाही. चिखलात राबलेली माणसं अंग मोडून येतं म्हणत येतात, आम्ही लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या, शंकेनं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सुरू करतो आणि रक्ताचे नमुने पाठवतो. अशाच एका सकाळी ओपीडीची रांग मोडून सात-आठ माणसं एका बाईला दोन्ही दंडांना धरून आत घेऊन आली. (गाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.)

बाई तिशीतली. ओरडत नव्हती की रडत नव्हती, उलट तिला धरणारेच घामाघूम झाले होते. दीर पुढे झाला. "डॉक्टरांनू, हिका झोपेचा इंजेक्शन देवा. उद्या दुपारपर्यंत उठूक नको."

सगळी हकिकत तुकड्यातुकड्यांनी कळली. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, पण दर्याला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे बरेच जण होडी काढत नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर हिचा नवरा निघाला आणि खाडीच्या मुखाशीच लाटेनं होडी उलटली. तिघांपैकी दोघं पोहत किनाऱ्याला लागले, हा लागला नाही. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी दक्षिणेकडे ओढतं, म्हणून वेंगुर्ला, गोवा, अगदी कारवारपर्यंत पोलीस ठाण्यांत फोटो पोचवले होते. काही हाती लागलं नव्हतं.

घाई होती ती गणपतीची. चतुर्थीच्या आत सुतक फिटलं नाही तर भावकीतल्या कुणाच्याच घरी गणपती येणार नाही, आणि चाकरमान्यांनी तर गाड्यांची तिकिटं कधीचीच काढलेली. म्हणून भटजींना विचारून पुतळ्याची क्रिया दुसऱ्या दिवशी ठरली. देह मिळाला नाही की दर्भाचा, पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तीच ही क्रिया. बाई म्हणत होती, पुतळा जाळा, पण माझ्या बांगड्यांना हात लावायचा नाही. शिवाय आदल्या दिवशी ती बाजारात जाऊन नवऱ्याच्या मोबाइलचं रिचार्ज करून आली होती. झालं, डोक्यावर परिणाम झाला असं घरात ठरलं.

मुंबईहून आलेला एक चुलतदीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, ही डिनायलची स्टेज आहे." नकारापासून स्वीकारापर्यंतच्या शोकाच्या पाच पायऱ्या हल्ली सगळ्यांच्या फोनवर असतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या एकेक करत चढल्याच पाहिजेत असा नियम नाही, आणि चढत नसेल त्याला सुई टोचायची असा तर नाहीच नाही. तेवढं त्याला ऐकवण्याइतकी मी त्या दिवशी चिडलेली होते.

आमच्या कपाटात झोप आणणारं डायझेपाम असतं, ते फिट आलेल्यांसाठी. केवळ माणूस गेला म्हणून अशी औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं आहे. इथे तर इंजेक्शन तिच्या झोपेसाठी नव्हतंच. ती बेशुद्ध असताना बांगड्या फोडून घ्यायच्या होत्या. मी नाही म्हटलं आणि सगळ्यांना बाहेर बसवलं. सासू मात्र हलली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली. मीही तिला उठवलं नाही.

बाईला पाणी दिलं. तिनं पेला हातातच धरला आणि विचारलं, "मॅडम, खाऱ्या पाण्यात माणूस किती दीस जगता?"

हाच प्रश्न ती घरी सगळ्यांना विचारत होती. निम्मे म्हणायचे "येतलो गो", निम्मे म्हणायचे "गेलो तो, आता इसर". उत्तर कुणी दिलं नव्हतं. मी जरा थांबले, तर ती म्हणाली, "खरा सांगा. माका बरा वाटाचा म्हणून सांगू नकात."

मग सांगितलं. गोड्या पाण्याशिवाय माणूस तीन-चार दिवस काढतो, फार तर आठवडा. खारं पाणी पोटात गेलं तर त्याहून लवकर संपतं. ती लगेच म्हणाली, "पण पावस होतो." खरंच होता. पावसाचं पाणी पिऊन, काहीतरी धरून तरंगत राहिलेली माणसं वाचल्याची उदाहरणं आहेत, हेही मला कबूल करावं लागलं. त्याच्या हाताशी काय होतं, मी विचारलं. होडी तर दुसऱ्या दिवशी रेतीत मिळालेली. कॅन? फळी? जाकीट?

"जाकीट घराकडे खुंटयेर आसा," ती म्हणाली.

त्यानंतर बराच वेळ ती बोलली नाही. मीही नाही. बाहेर तापाची रांग खोकत होती, नर्स दोनदा डोकावून गेली. मग ती रडली. मोठ्यानं, पोटातून. दीर दारातून म्हणाला, बघा, आता तरी इंजेक्शन देवा. मी दार लावून घेतलं.

ज्याचा देह मिळत नाही त्याच्या घरच्यांचं दुःख वेगळं असतं. पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधिकेनं व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम करून त्याचा अभ्यास केला. तिचं म्हणणं साधं आहे: अशा माणसांच्या मनात "तो गेला" आणि "तो येईल" दोन्ही एकाच वेळी नांदतात, आणि यात वेडेपण नाही. परिस्थितीच तशी आहे. पुतळा जाळू देणारी आणि रिचार्ज मारणारी ही बाई मला त्या दिवशी त्या घरातली सगळ्यात शहाणी वाटली.

निघताना तिनं विचारलं, "झिलाक काय सांगू?" सहा वर्षांच्या मुलाला घरच्यांनी सांगितलं होतं की बाबा मुंबईला गेलेत. मी म्हटलं, जे झालं तेच सांग. होडी उलटली, बाबा सापडले नाहीत, सगळ्यांनी शोधलं. मुंबईची बस रोज गावातून जाते. पोर रोज तिच्याकडे बघत बसेल.

इतक्यात भिंतीकडून आवाज आला. "माझो झील गेलो, माका कोणी इचारूक नाय." सासूचं बीपी बघितलं, 190 वर 110. तिला गोळी दिली, नर्सला बाकीचे रुग्ण बघायला सांगितले आणि तिच्याशेजारी बसले. ती नवऱ्याबद्दल बोलली, मुलाबद्दल बोलली, सुनेबद्दल एक अक्षर नाही. बांगड्यांचं काय करायचं, मीच विचारलं. म्हातारी पदर सावरत म्हणाली, "गावलो की मगे बघूया."

झालं. मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचा दाखला द्यायचा होता, मे 2022 मध्ये त्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथांविरुद्ध केलेला ठराव आणि त्यानंतरचं राज्य सरकारचं परिपत्रक. त्यातलं काहीच लागलं नाही. क्रिया झाली, बांगड्या राहिल्या. गणपतीही आले म्हणे.

दीर पुन्हा आला तो मृत्यूचा दाखला मागायला. देह न बघता मी मृत्यूचं कारण लिहू शकत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 प्रमाणे सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला कायदा मेलेला धरू शकतो. तोपर्यंत बेपत्ता. केदारनाथच्या 2013 च्या प्रलयानंतर सरकारनं बेपत्तांसाठी वेगळी, लवकरची पद्धत काढली होती, पण एक होडी उलटणं ही आपत्ती कुणाच्या खिजगणतीत नसते. मत्स्यसंपदा योजनेच्या अपघात विम्यात मृत्यूला 5 लाख रुपये आहेत, आणि दाव्यासोबत दाखला मागतात.

बाई त्यानंतर येत राहिली. कधी मुलाचा खोकला, कधी सासूची बीपीची गोळी. प्रत्येक वेळी मी झोप, जेवण, मन यांची चौकशी करायचे. मुद्दामच, कारण सहा महिन्यांनंतरही माणूस त्याच जागी अडकून राहिला, रोजचं जगणंच थांबलं, तर तो दीर्घकाळ लांबलेला शोक आजार म्हणून बघावा लागतो आणि जिल्ह्याला पाठवावं लागतं. ती तशी अडकलेली नव्हती. पहाटे लिलावाला जात होती, टोपली घेऊन वाडीत फिरत होती, गिऱ्हाइकाशी भांडतही होती. अधूनमधून दिवसभर झोपून राहायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिलावाला. शोक असाच वरखाली होत चालतो, एक दिवस गेलेल्याचा, एक दिवस पोटाचा.

गेल्या खेपेस मी पुन्हा तेच विचारलं तर ती वैतागली. "कसा वाटता, कसा वाटता काय इचारतास? फाईल खंय अडाकली ता इचारा." मी फोन लावला. पलीकडच्या बाबूंनी त्या दोघा वाचलेल्यांच्या जबाबाची आणखी एक प्रत मागितली. ती तिच्या पिशवीत तयार होती.