गैरहजर मुलांना मिळालेलं शून्य

निकाल वेबसाइटवर चढवला आणि थोड्याच वेळात परीक्षा विभागातल्या मॅडमचा फोन आला. "सर, जी मुलं पेपरलाच बसली नव्हती त्यांना साइटवर शून्य दिसतंय. पालक चिडलेत. आमच्या फाइलमध्ये तर तो रकाना कोरा आहे!"

त्यांची फाइल म्हणजे विभागातल्या कॉम्प्युटरवरचा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा जुना डेटाबेस. वेबसाइटचं बिऱ्हाड वेगळं, सर्व्हरवर मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये. दोघांमधला निरोप्या एक्सएमएल, म्हणजे प्रत्येक माहिती तिच्या नावाच्या खुणेत (टॅगमध्ये) गुंडाळणारी मजकुराची फाइल: ॲक्सेसने टेबल एक्स्पोर्ट करायचं, साइटच्या पीएचपी स्क्रिप्टने ते वाचायचं. 2002च्या आवृत्तीपासून ॲक्सेसमध्ये ही सोय आहे, त्यामुळे यात नवीन असं काहीच नव्हतं. साइट सांभाळणाऱ्या मुलाचं म्हणणं, फाइलच चुकीची येते. मॅडमचं म्हणणं, साइट गंडली आहे.

मी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. असल्या भांडणात दोन्हीकडचे स्क्रीन बघत बसण्यापेक्षा मधला कागद वाचावा, हे माझं जुनं मत. टॅगची नावं विचित्र दिसत होती. टॅगच्या नावात स्पेस चालत नाही, म्हणून ॲक्सेस तिच्या जागी 0020 हा तिचा हेक्स क्रमांक अंडरस्कोरच्या कुंपणात घालतं. पण ते स्क्रिप्टला नीट कळत होतं. घोटाळा पुढे होता. हजर मुलाच्या नोंदीत नाव, विज्ञान, गणित असे सगळे टॅग ओळीने होते. गणिताला गैरहजर असलेल्या मुलीच्या नोंदीत मात्र गणिताचा टॅगच नव्हता. रिकामा टॅगसुद्धा नाही! ॲक्सेस नल असलेलं, म्हणजे काहीच न भरलेलं फील्ड एक्स्पोर्टमध्ये लिहीतच नाही. स्क्रिप्ट त्या टॅगची किंमत पूर्णांक म्हणून मागत होती, आणि पीएचपीत नसलेल्या टॅगचा पूर्णांक केला की हातात शून्य पडतं. फाइलमध्ये शून्य नव्हतं, कोणी टाइपही केलं नव्हतं. ते वाटेत जन्माला आलं होतं.

गंमत म्हणजे एक्स्पोर्टसोबत एक्सएसडी स्कीमा, म्हणजे कोणता टॅग सक्तीचा आणि कोणता नाही ते सांगणारी नियमांची फाइल, दर वेळी जात होता. गुणांच्या फील्डपुढे त्यात 'मिनऑकर्स 0' असं स्पष्ट लिहिलेलं, म्हणजे हा टॅग नसूही शकतो. पण तो उघडतो कोण?

"मग टॅग नसला की गैरहजर दाखवू," साइटवाला म्हणाला. मॅडमनी तिथेच अडवलं. "तसं नका करू. एखाद्या विषयाचे गुण अजून आमच्याकडे यायचे असले तरी रकाना कोराच असतो." म्हणजे मूळ टेबलातच एका कोऱ्या रकान्याला दोन अर्थ होते, आणि कोणता कुठला ते फक्त मॅडमच्या डोक्यात. ते डोकं एक्स्पोर्ट होत नाही.

शेवटी टेबलात प्रत्येक विषयाला एक 'स्थिती' जोडली: हजर, गैरहजर, गुण बाकी. स्कीमात ती सक्तीची, गुण ऐच्छिक. 'हजर असेल तर गुण हवेतच' ही अट एक्सएसडी 1.0मध्ये सरळ लिहिता येत नाही. 2012च्या 1.1मध्ये येते, पण आमच्या पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचून तपासणाऱ्या प्रोग्रॅमला, 1.1 झेपत नव्हतं, म्हणून ती तपासणी स्क्रिप्टमध्ये टाकली. मायएसक्यूएलमधल्या गुणांच्या कॉलमचं डिफॉल्ट शून्यही काढून टाकलं. तेही तिथे का होतं, देव जाणे.

साइटवाल्याचं टुमणं होतं, "सर, जेसन असतं तर हे झालंच नसतं." जेसन हा माहिती पाठवायचा एक्सएमएलसारखाच दुसरा साचा. त्यात नल लिहिता येतं, खरं आहे. पण लिहिणाऱ्याने ती की, म्हणजे फील्डचं नावच, गाळली तर तिथेही हेच रामायण.

नवी फाइल पहिल्याच फटक्यात स्क्रिप्टने परत पाठवली: काही मुलं हजर, पण गुण नाहीत. साइटवाला पुन्हा कोड उघडायला लागला होता, तेवढ्यात मॅडम गुणपत्रकांचा गठ्ठा घेऊन बसल्या. एका तुकडीचं पान भरायचंच राहून गेलं होतं. जुन्या पद्धतीत त्या सगळ्या मुलांना शून्य गेलं असतं.